उजवा कान माणसांसाठी

"तुमचं काही सांडलं का हो?" स्नेहलताताईंनी स्वयंपाकघराच्या दारातून विचारलं.

दयारामला लगेच उत्तर द्यायला सवड नव्हती. छप्पन्न वर्षांचा, निम्मे केस पांढरे, खिशात टेस्टर, असा तो त्यांच्या बुलढाण्यातल्या हॉलमध्ये हातापायांवर रांगत होता. सोफ्यावर ऐन मधोमध काळा चौकोनी वूफर नव्या जावयासारखा ऐसपैस बसला होता आणि पोटातून धूं धूं करत होता. त्या जागेचे खरे मालक लक्ष्मीकांतराव, जिल्हा परिषदेतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले, भिंतीला पाठ लावून उभे होते. जावई उठेपर्यंत बसायची सोय नव्हती.

"सांडलं नाही वहिनी, शोधून राह्यलो," दयाराम टीव्हीच्या कपाटाखालून म्हणाला. "मानूस जिथं बसते तिथं वूफर ठेवाचा, अन् वूफरच्या जागी मानसानं फिराचं. ज्या कोपऱ्यात हा धूं धूं बास गोल लागला, थे त्याची जागा. उभ्यानं नाही समजत. बास जमिनीवरून चालते."

"आणि गुडघे?"

"गुडघे बी जमिनीवरूनच चालून राह्यले सध्या."

दयारामच्या कानाच्या गोष्टी जिल्हाभर होत्या. त्यानं मलकापुरात लावलेल्या एका वूफरनं शेजारच्या घरची तूर भरडून निघाली, डाळ वेगळी आणि टरफल वेगळं, हे धाड गावच्या बाजारात अजून सांगतात. त्या डाळीचं वरण खाल्लेली माणसं हयात आहेत. पिंपळगाव राजाला एका मास्तरांच्या घरी त्यानं डोळे मिटून सांगितलं होतं, की उजव्या कोपऱ्यात तिसऱ्या विटेमागं पाल आहे, तिच्यामुळे आवाज फाटतो. वीट काढली. पाल निघाली. तिनंही कबूल केलं म्हणतात.

पण गुडघ्यांच्या गोष्टी कोणी सांगत नव्हतं. महिन्याला दोन हॉल, हॉलला चार कोपरे, आणि हल्ली प्रत्येक घरात फरशी अशी गुळगुळीत, की रांगताना माणूस पुढे कमी आणि बाजूला जास्त जातो. खिडकीखालच्या कोपऱ्यात बास गोल लागला. दयारामनं तिथं खडूनं फुली मारली आणि तो कपाटाला धरून दोन हप्त्यांत उभा राहिला.

वूफर कोपऱ्यात गेला. मग त्यानं समोर तीन आणि पाठीमागे दोन असे पाच स्पीकर जोडले, मधोमध खुर्ची ठेवली आणि तिच्यात बसून डोळे मिटले. हातात रिमोट. हे याचं कमी, ते त्याचं जास्त, असं करत सगळीकडचा आवाज एका पातळीत आणायचा. यंत्र नाही, आकडा नाही, नुसता कान. घरातले लोक या वेळी देवळात उभं राहावं तसे गप्प उभे राहायचे.

"झालं," दयाराम उठला. "बस आता, आल्हाद."

आल्हाद हा या घरचा मुलगा. पुण्याच्या कंपनीचं काम घरूनच करायचा, आणि काम संपलं की त्याच टेबलावर बंदुकीचे गेम खेळायचा. हे सगळं सामान त्यानंच मागवलं होतं. तो बसला, गेम सुरू केला आणि मिनिटाच्या आत मेला. दुसऱ्यांदा मेला. तिसऱ्यांदा मेल्यावर त्यानं मान खाजवली.

"काका, पावलं डावीकडून वाजतात म्हणून मी डावीकडे वळतो, तर माणूस समोर उभा असतो."

"तुझाच नेम चुकत असेल," लक्ष्मीकांतराव म्हणाले. "हे दयारामजी आहेत. यांच्या कानापुढं तुझी शहाणपत्ती कशाला?"

"बाबा, मी त्यांना नाही, गेमला बोलतोय."

सामानाच्या खोक्यात एक छोटा माईक आला होता. आल्हादनं तो खुर्चीवर ठेवला, पंखा बंद केला, आईला कुकर बंद करायला लावला. प्रत्येक स्पीकरमधून आळीपाळीनं टुंई टुंई असा आवाज निघाला आणि टीव्हीवर आकडे आले. डावीकडचे दोन्ही स्पीकर आठनं जास्त.

"परत घे," दयाराम म्हणाला.

परत घेतलं. आठ. तिसऱ्यांदा घेतलं, तरी आठ.

दयारामनं डावीकडचे स्पीकर उजवीकडे नेले आणि उजवीकडचे डावीकडे. स्पीकरमध्ये खोट असेल तर ती स्पीकरबरोबर जाईल, हा साधा हिशेब. परत खुर्चीत बसून ऐकलं. सगळं जसंच्या तसं, दोन्ही बाजू समान. म्हणजे स्पीकर निर्दोष होते.

मग त्याला काय वाटलं कोण जाणे. त्यानं खुर्चीच उचलली आणि उलटी ठेवली, टीव्हीकडे पाठ, सोफ्याकडे तोंड. बसला.

उजव्या कानात सगळा आवाज एकदम घुसला, कोणी दार लाथेनं उघडावं तसा. आणि डावीकडे काही नव्हतं. खोली तिकडे संपत होती.

तो उठला. खुर्ची सरळ केली आणि बसला, तर पुन्हा दोन्हीकडे समान. खोलीत कमी बाजू नव्हतीच. कमी बाजू त्याच्यासोबत फिरत होती.

पंचवीस वर्षं तो ट्रकवर उभा राहिला होता. भीमजयंती, गणपती, नवरात्र, लग्न, कोणाचीही मिरवणूक असो, भोंग्यांची भिंत ट्रकवर आणि तिच्याशेजारी दयाराम, हात बटणांवर. डावा कान भोंग्यांकडे, उजवा कान माणसांकडे. कोणी खालून ओरडलं, "अबे, तार लोंबून राह्यली", तर ते ऐकू यायला हवं. उजवा कान माणसांसाठी राखून ठेवायचा, हे त्यानं नव्या पोरांनाही शिकवलं होतं. डाव्याचं काय होईल, हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं.

"यंत्रच वाकडं असणार," लक्ष्मीकांतराव म्हणाले. "चीनचा माल. उद्या परत पाठव रे."

"असेलही," आल्हाद म्हणाला. खरं तर त्याला दयारामचा चेहरा बघवत नव्हता. "माईक कधी कधी खराब येतात, काका."

घरातल्या माणसांनी त्याला सुटायला जणू दार उघडून धरलं होतं. नुसतं बाहेर पडायचं होतं.

"हाव," दयाराम म्हणाला, "माईक खराब असन. उद्या येऊन पाहातो." पिशवी उचलून तो जिना उतरला. खडू तिथंच राहिला.

दयारामची बायको मंजुश्री अंगणवाडीत सेविका होती. दिवसभर पंचवीस पोरं सांभाळायची, त्यामुळे एका नवऱ्याचं तिला काही वाटत नसे. दिवेलागणीला दोघं ज्वारीची भाकर आणि आंबट चुक्याची भाजी घेऊन बसले. दयारामनं पाहिलं, ती त्याच्या उजवीकडे बसली होती. चूल डावीकडे होती. दर भाकरीला तिला त्याच्या पाठीमागून वळसा घालून जावं लागत होतं.

"इकडून काऊन बसत नाहीस वं? चूल जवळ पडन."

"बसते मी इथंच."

"कवापासून?"

तिनं भाकर मोडली. "झाले दोन वर्षं. गाडीवर बी आता उजव्या खांद्यावरून बोलते. पह्यले डाव्या खांद्यावरून बोलत होती, तं तुम्ही नुसते हाव हाव करत अन् बजार विसरून येत."

"मंग सांगाचं होतं ना मले!"

"सांगतलं न. तीन खेपा सांगतलं."

"कवा?"

"डाव्या बाजूनं सांगतलं असन."

दयारामला हसू आलं, पण ते अर्ध्यावरच राहिलं.

"दवाखान्यात दाखवू," ती हळूच म्हणाली.

"दाखवू. थे कान तं दाखवता येते. पन दोन वर्षांतले घरं?"

दोन वर्षांत चाळीस तरी घरं झाली होती, आणि चाळीसही घरांत त्यानं डावी बाजू फुगवून ठेवली होती. आपल्या कानात जेवढं कमी, तेवढं लोकांच्या हॉलमध्ये जास्त. एकाचीही तक्रार नव्हती, कारण लावणारा दयाराम होता. एका घरी सगळं कुटुंब डावीकडे मान कलवून सिनेमा बघायचं, आणि त्यांचं मांजरसुद्धा तसंच झोपायचं, असं शेजारी सांगत. वडनेर भोलजीच्या माणिकरावांनी तर कमाल केली. प्रत्येक हिरो आपल्या डावीकडच्या मोरीतून का बोलतो, असं त्यांना वाटायचं. पण दयारामचं चुकेल कसं? म्हणून त्यांनी सुतार बोलावून टीव्हीच तीन फूट डावीकडे सरकवला आणि फोन करून सांगितलं, "भाऊ, आता बम जमलं. आमचीच भिंत चुकली होती."

तेव्हा दयाराम फोनवर पोटभर हसला होता. आता ते आठवून त्यानं ताट बाजूला सारलं.

"उद्या त्या लोकाईले काय सांगता?" मंजुश्रीनं विचारलं. "माईक खराब आहे म्हनलं, तं मानतीन थे. त्याईचा इश्वास आहे तुमच्यावर."

"मानतीन. म्हनून तं पंचाईत आहे."

"अन् खरं सांगतलं तं गावभर होईन. मंग कोन बलावन तुमाले?"

बाजारात त्याच्यापेक्षा स्वस्त लावून देणारे दहा होते. लोक दयारामला बोलावत ते स्पीकरसाठी नाही, कानासाठी.

सकाळी दहाला तो लक्ष्मीकांतरावांच्या हॉलमध्ये उभा होता. चहा आला. त्यानं बशीत ओतला, बशी तशीच ठेवली.

"माईक बराबर आहे," तो म्हणाला. "माहा कान गेला. डावा. काल समजलं मले. माईक खराब म्हनलं, थे खोटं होतं."

लक्ष्मीकांतरावांनी हळूच बायकोकडे पाहिलं. मग ते पुढे झुकले आणि ऑफिसात फाईल सरकवताना बोलायचे तशा आवाजात म्हणाले, "अहो दयारामजी, हे घरातलं घरात. आम्ही कोणाला सांगणार आहोत थोडंच? तुम्ही उगाच गावात बोलू नका."

"तुम्ही नाही सांगनार, पन मले सांगा लागन. धाडपासून सुरू करतो. मंग वडनेरच्या माणिकरावाचा टीव्ही परत तीन फूट सरकवा लागन, त्याचा सुतार मले शिव्या देईन." तो आल्हादकडे वळला. "मले हा माईक लावाचं शिकव बापा. कोनतं बटन, कुठचा आकडा, सारं. मी वहीत लिहून घेतो. अन् खुर्चीत आज तू बस. मी सांगतो कुठं ऐकाचं, अन् तू सांग काय ऐकू येते."

"काका, कोपरा मात्र तुमचाच बरोबर निघाला," आल्हाद म्हणाला. "वूफरची जागा माईकनं पण तीच दाखवली. रात्री तपासली मी."

"थे कानाचं नाही रे, गुडघ्याचं काम आहे," दयाराम म्हणाला. "गुडघे शाबूत आहे अजून. दुखते, पन खोटं बोलत नाही."

तासभर दोघं खपले. आल्हाद खुर्चीत बसला आणि दयाराम भिंतीशी उभा राहून विचारत गेला, बाई बोलते ती टीव्हीच्या मधून येते की कडेनं, टाळी मागून वाजते की डोक्यावर. आल्हाद सांगे, दयाराम रिमोट दाबे. शेवटी त्यानं डावीकडचे आकडे उतरवायला घेतले. एक, दोन, तीन. प्रत्येक आकड्याला त्याच्यासाठी ती बाजू जरा लांब जात होती. पाचाला त्याचा अंगठा थांबला. मग त्यानं सहा, सात आणि आठ एकदमच दाबले.

"आता सिनेमा लावा काहीतरी," स्नेहलताताई हात पुसत आल्या. "मारामारी नको."

आल्हादनं घोड्यांचा एक प्रसंग लावला. मोकळं माळरान, आणि एकटा घोडा पडद्याबाहेर जाऊन बघणाऱ्याभोवती गोल धावतो. टापा समोरून निघाल्या, उजवीकडून गेल्या, पाठीमागे पोचल्या.

"अगं बाई!" स्नेहलताताईंनी वळून पाहिलं. "इथंच आहे की!"

लक्ष्मीकांतरावही वळले. सोफ्यावरची तिन्ही डोकी घोड्याबरोबर फिरायला लागली.

दयाराम सोफ्यामागे उभा होता. त्याच्या उजव्या अंगाला टापा कडक वाजत होत्या. पाठीमागून डावीकडे वळताना घोडा जणू कापसाच्या गंजीवर चढला, टाप मऊ झाली, मग नुसती अटकळ उरली, मग तीही नाही. डाव्या अंगाला भिंत होती, भिंतीवर कॅलेंडर होतं.

"काका, बरोबर फिरतोय ना?" आल्हादनं घोड्यामागे मान फिरवतच विचारलं.

दयारामनं समोरच्या तीन माना पाहिल्या. त्या आता डावीकडे कलल्या होत्या, हळूहळू समोर येत होत्या. त्यानंही आपली मान तेवढीच डावीकडे नेली, त्यांच्याच वेगानं समोर आणली.

"हाव," तो म्हणाला. "बराबर फिरून राह्यला."