कुलूप होतं का?

ती बरोबरची खूण एकदा काढून भागलं नव्हतं. बॉलपेन तिच्यावरून दोनदा, तीनदा फिरलं होतं, इतकं दाबून की कागद उलटा केला तर ती मागून बोटाला लागत होती... सहावा प्रश्न, 'आजवर कधी, कुठंही तुमची सायकल चोरीला गेली का?' 'चोरीच्या वेळी सायकलला कुलूप होतं का?' – सातवा. खूण 'नाही'च्या चौकटीत. आणि शेजारी समासात, कुणी विचारलेलं नसताना, बारीक अक्षरात दोन शब्द : माझीच चूक. फॉर्मवर नाव नव्हतं. नाव विचारायचं नाही हे त्यानंच ठरवलं होतं. पण 'झ'ला असा लांबलचक शेपटा काढणारी मुलगी त्याला एकच माहीत होती; तिसरीत असताना तो 'झ' त्यानंच तिच्याकडून पानभर गिरवून घेतला होता.

स्टेशनबाहेर दिवस-दिवस, कधी दोन-दोन दिवस सायकल ठेवून बाहेरगावी कामाला जाणाऱ्यांसाठी बंदिस्त सायकलतळ – नगरपालिकेच्या वाहतूक विभागात वर्षभर तो याच आराखड्यावर बसला होता. मुलगी रोज साडेदहाच्या गाडीनं जाते, तिची सायकल तिथंच असते, पाहणीचे फॉर्म वाटणारे तिच्याही हातात एक देणार. एवढं साधं गणित आपल्या डोक्यात कसं आलं नाही?

"साहेब, एकसष्ट चोऱ्यांपैकी तेवीस," त्याची सहायक इंजिनिअर दारातूनच म्हणाली. "तेवीस जणांनी कुलूपच लावलं नव्हतं. 'मालकाचा निष्काळजीपणा'मध्ये टाकलेत सगळे. कात्रीसाहेब आज आपल्याला सोडत नाहीत बघा."

कात्री म्हणजे समितीचे सभापती. समोर आलेल्या योजनेतून काहीतरी छाटल्याशिवाय त्यांना घास गोड लागत नसे. तो हसला, हसायला हवं म्हणून. मालकाचा निष्काळजीपणा... हा रकानाही त्यानंच आखलेला. एका दुपारी, सहज, पट्टी लावून.

दहा वर्षं झाली. ती तेरा वर्षांची, सायकल निळी, कुलूप आकड्यांचं – आकडा तिच्या वाढदिवसाचा, घरात सगळ्यांना पाठ. त्या सकाळी त्याची स्कूटर चालू होईना, दाढीची ब्लेडं संपलेली, म्हणून तो कोपऱ्यापर्यंत तिची सायकल घेऊन गेला, परत आला, ती फाटकाशी टेकवली, कुलपाची साखळी हँडलला गुंडाळलेलीच – तेवढ्यात खिशातला फोन वाजला आणि बोलत बोलत तो जिना चढला. इतकंच. थोड्या वेळानं ती शाळेला म्हणून खाली गेली आणि धापा टाकत वर आली – सायकल नव्हती. 'काल कुलूप लावलं होतंस का?' तिच्या आईनं विचारलं. 'लावलं होतं,' ती म्हणाली. आणि मग, आईच्या चेहऱ्याकडे बघून, 'बहुतेक.' तो आरशासमोर होता, अर्ध्या गालावर फेस. तेव्हा बोलला असता तर बायकोनं चार दिवस टोमणे मारले असते, मिटलं असतं. नुसता मूग गिळून बसला असता तरी एक वेळ चाललं असतं. पण तो आरशातूनच म्हणाला, 'नीट आठव.'

आणि तिनं आठवलं. शाळेत आठवलं, जेवताना आठवलं, आठवून आठवून आठवडाभरानं तिला न घडलेलंच आठवलं – 'हो बाबा, विसरलेच मी. आता स्पष्ट आठवतंय.' त्यानंतर काय बोलणार? महिन्याच्या आत नवी सायकल आणली, हे एवढं जाड कुलूप आणलं. ती त्याच्या गळ्यात पडून रडली, आणि त्यानं तिला रडू दिलं. तेव्हापासून ती गॅसचं बटण तीनदा बघते. इस्त्री, नळ, दार. अर्ध्या जिन्यातून परत येते. 'बापावर गेलीय, कामात चोख,' बायको कौतुकानं सांगते.

तीन वाजता बैठक. दोनशे चाळीस सायकली, चाक आणि सांगाडा दोन्ही अडकवता येतील असे उलट्या यू आकाराचे पाइप, आत जायला कार्ड, आणि मागे आपोआप बंद होऊन आपोआपच कुलूप लागणारं दार. हे दार म्हणजे साहेबांचं दुसरं अपत्य, असं ऑफिसात म्हणत. नकाशावर त्याचं बोट त्या दारापाशीच थांबून राहिलं.

"हे दार काढा," कात्री म्हणाले. "साधे खांब रोवा. तेवीस जणांना कुलूप लावायची शुद्ध नाही, त्यांच्यासाठी आपण राजवाडा बांधायचा?"

"बावीस," तो म्हणाला.

सहायकेनं चमकून मान वर केली.

"एक फॉर्म चुकीचा आहे. म्हणजे... कुलूप नव्हतं, पण मालकाची चूक नव्हती."

"मग कुणाची?"

सगळे त्याच्याकडे बघत होते, आणि त्याला वाटलं, इथं, या परक्या माणसांत सांगून टाकणं किती सोपं आहे... "घरातल्याच कुणाची तरी."

"तुम्हाला काय ठाऊक? फॉर्मवर नावं नाहीत ना?"

"नाहीत."

"झालं तर. तेवीसच धरा."

आणि त्यानं मान हलवली. हलवली खरंच. सहायकेनं आकडा पुन्हा तसाच लिहिला, दाराचा निर्णय पुढच्या बैठकीवर गेला, आणि तो बाहेर पडला तो पोरीला दुसऱ्यांदा विकल्यासारखा.

जिन्यातच फोन वाजला.

"बाबा, ऐक ना... आईला सांगू नकोस, उगाच बोलेल. सकाळी मी शेवटी निघाले. दार लावलं का रे मी? मला आठवतच नाहीये. तुझं ऑफिस जवळ आहे, बघशील एकदा?"

'लावलंस, मी बघितलं,' असं त्यानं आधी कितीदा खुर्चीतूनच सांगितलं होतं. आज तो निघाला, फोन चालू ठेवून. दहा मिनिटांची वाट त्यानं पाचात तोडली. ती काहीबाही बोलत होती, गाडीबद्दल, गर्दीबद्दल, आवाज हसरा ठेवून. आतून ती कशी आवळलेली असेल ते त्याला कळत होतं.

कुलूप लागलेलं होतं. त्यानं ओढून पाहिलं. पुन्हा ओढलं. तिसऱ्यांदा, दोन्ही हातांनी, फोन खांद्याशी धरून – आणि तेव्हा त्याला कळलं की आपण ते लागलंय की नाही हे पाहत नाही आहोत; आपल्याला ते उघडं हवंय. एकदा, एकदाच तिनं खरोखर विसरावं, म्हणजे आपण खोटे ठरणार नाही – दहा वर्षं आपण या पोरीच्या चुकीची वाट बघतोय. त्यानं कुलूप सोडलं.

"लागलंय ना?" ती म्हणाली.

"लागलंय."

"हुश्श. मी ना, बाबा, अशीच आहे वेंधळी, लहानपणापासून. चल, ठेवते."

"ठेवू नकोस," तो म्हणाला.

"काय रे? काय झालं?"

वरच्या मजल्यावरून कुणीतरी उतरत होतं. त्यानं तोंड भिंतीकडे केलं.

"थांब जरा," तो म्हणाला. "फोन ठेवू नकोस."