आलेच

माझ्या भाचीला घरात कुणी नावाने हाक मारत नाही. सगळे तिला ‘आलेच’ म्हणतात. जेवायला बोलवा, शाळेसाठी उठवा, घराला आग लागली म्हणून बोंब मारा, आतून एकच उत्तर येतं, “आलेच!” आणि येत कुणी नाही.

तिचा बाप म्हणजे माझा थोरला भाऊ. तो आणि मी पार्सलची गाडी चालवतो. आमच्या धंद्यात उशीर ही शिवी आहे. मी पार्सल द्यायला उतरते तेव्हा दादा इंजिन चालू ठेवतो आणि तळवा हॉर्नवर. अशा घरात ही जन्मली. ऑम्लेटसाठी अंडं मागितलं तर आधी ते उजेडाला धरेल, फिरवेल, मग विचारेल, “आत्या, याच्यात हवा कुठून जाते गं?” मला काय माहीत! मी ते खाते.

बारावी झाली तसं दादाने तिला एका काउन्सेलरकडे नेलं. टाय लावलेला माणूस. त्याने व्यक्तिमत्त्वाची चाचणी घेतली. भराभर हो-नाहीवर खुणा करत सुटायचं. ‘तुम्हाला माणसं आवडतात का?’ या प्रश्नापुढे आमच्या बाईसाहेबांनी लिहिलं, ‘कोणती?’ आणि वेळ संपली तेव्हा त्या पहिल्याच पानावर होत्या. निकाल काय, तर निर्णयक्षमता कमी.

“साहेब, तुम्हाला आवडतात का माणसं?” मी विचारलं.

“अर्थात!”

बघा, किती पटकन खोटं बोलला.

मग कॉलेजं बघणं सुरू झालं. सगळ्यांच्या माहितीपत्रकावर हिरवळीत बसून हसणारी तीच पोरं आणि तेच वाक्य : आमच्यासाठी प्रत्येक विद्यार्थी वेगळा. मला या वाक्याची चीड आहे. वेगळा आणून दाखवला की यांची बोबडी वळते. एका काचेच्या चकचकीत कॉलेजात फिरवून दाखवणारा मुलगा आमच्याकडे तोंड करून उलटा चालत होता, तरी त्याला कळलं नाही की घोळक्यातली एक मुलगी कमी झालीय. ती जिन्यात सापडली. खिडकी पुसणाऱ्याला विचारत होती, बाहेरची बाजू कशी पुसता. मुलगा म्हणाला, “इथे जरा स्मार्ट राहावं लागतं हं.” मी त्याला जे म्हणाले ते इथे छापता येणार नाही.

शेवटी एकच उरलं. लिबरल आर्ट्सचं लहानसं कॉलेज, जुन्या कारखान्याच्या इमारतीत. तिथे म्हणे विषय लगेच ठरवायचा नसतो. इतिहास, गणित, चित्रं, तारे, आधी सगळ्यांत डोकं घालून बघायचं. मला वाटलं, ही जागा आपल्या पोरीसाठीच बांधलीय. पण तिथे नाही जमलं तर अकाउंटिंग, असं दादाने ठरवून टाकलं होतं. त्याचा अर्ज भरून दादाच्या खिशात तयार होता.

मुलाखत घ्यायला एक बाई होत्या. पांढरे केस, दोरीला लटकणारा चष्मा.

“तुला काय शिकायचंय?” त्यांनी विचारलं.

आलेच गप्प. बाईही गप्प. दादाचा फोन खिशात थरथरत होता. मला राहवेना. “तिला ना, वाचायला फार...”

“प्रवेश तुम्हाला हवाय का?” बाई म्हणाल्या.

बऱ्याच वेळाने आलेच म्हणाली, “उद्या सांगितलं तर चालेल?”

दादाने डोळेच मिटून घेतले.

“चालेल,” बाई म्हणाल्या. “उद्या शेवटचा दिवस. पाचपर्यंत आहे मी.”

दुसऱ्या दिवशी दुपारची खेप सोडून दादा गाडीत बसला. हॉर्न, “आलेच!” हॉर्न, “आलेच!” मग म्हणे चप्पल सापडेना. मग सापडली, तर पाणी प्यायचं राहिलं. वाटेत दादा शिव्या देत नव्हता, म्हणजे प्रकरण गंभीर होतं. पोचल्यावर दादा फाटकाशी गाडीतच थांबला; आम्ही दोघी आत गेलो तर ऑफिसला कुलूप. गेलं, म्हटलं, लागा आता आकडेमोडीला.

पण पायरीवर बाई बसल्या होत्या. एक पाय चपलेतून बाहेर काढून शेंगदाणे खात.

“पाच कधीच वाजून गेले.”

“हो,” आलेच म्हणाली.

“मग? काय शिकायचंय?”

“माहीत नाही. तेच शोधायला यायचंय.” मग मान खाली घालून, “हे मला कालच माहीत होतं.”

“काल का नाही बोललीस?”

“तुम्ही थांबता का, ते बघायचं होतं. कागदावर तर सगळेच लिहितात.”

माझा हात शिवशिवला. आम्ही इथे जीव मुठीत धरून बसलोय आणि ही कार्टी कॉलेजची मुलाखत घेतेय! बाई तिच्याकडे बघतच राहिल्या.

“भामटी आहेस,” त्या म्हणाल्या. “पाय आखडलेत माझे. आणि ऐक, रोज नाही थांबणार मी. निबंध वेळेवर लागतील. देशील?”

आलेचने विचार केला. खरंच केला. “बघते.”

हो म्हणाली असती तर काय बिघडलं असतं? पण नाही. पटकन खोटं बोलणं हिला कधी जमलंच नाही. बाई खो खो हसल्या, किल्ली काढली, आणि सह्यांसाठी तिला आत घेऊन गेल्या.

मी फाटकाकडे आले. दादा इंजिन चालू ठेवून बसला होता.

“घेतलं तिला,” मी म्हटलं.

त्याने खिशातला अर्ज काढला, त्याच कागदाने पुढची काच पुसली आणि चुरगळून पायाशी टाकला. मग सवयीने हॉर्न दिला. आतून आवाज आला, “आलेच!”

दादाने इंजिन बंद केलं.

“हॉस्टेलला राहणार ना गं ती?” तो म्हणाला. “मग घरात हाक कुणाला मारायची?”

त्याने पुन्हा हॉर्न दिला. घाई कसलीच नव्हती. नुसतं उत्तर ऐकायला.