डागमावशींची पाच प्रमाणपत्रं

आमच्या लॉन्ड्रीच्या पाटीवर कंपनीचं नाव हातभर होतं आणि माझं बोटभर, तेही खाली कोपऱ्यात, 'चालक' या शब्दापुढे. अकरा वर्षांत मला त्याचं काही वाटलं नाही. दुकान विकायला काढलं तेव्हा कळलं, ते बोटभरसुद्धा कंपनीच्या मर्जीवर होतं.

माझी मनगटं गेली होती. डॉक्टर म्हणाले, इस्त्री सोडा. नवरा म्हणाला, "मी कधी धरलीच नाही, बघ कसा ठणठणीत आहे."

दुकान घेणारं माणूस शोधायला लांब जावं लागलं नाही. डागमावशी नऊ वर्षं माझ्याकडे कामाला होत्या. हे नाव गिऱ्हाइकांनीच ठेवलेलं. कापड नाकाशी धरून त्या सांगायच्या, "हा चहा नाही ताई, औषध आहे. घरात कुणीतरी आजारी दिसतंय. यांचं जरा लवकर देऊ या." त्यांनी आणि त्यांच्या भावानं मिळून पैशांची सोय केली. प्रश्न उरला कंपनीचा.

करारात लिहिलं होतं, दुकान विकायचं तर घेणारा कंपनीच्या पसंतीस उतरला पाहिजे. नाही उतरला, तर कंपनी आपला माणूस आणणार. आणि चालकानं कराराचा भंग केला असेल, तर दुकान कंपनीच घेणार, स्वतः ठरवेल त्या किमतीला. नवऱ्यानं थोडक्यात सांगितलं, "मुलगी आपली, खर्च आपला, जावई मात्र शेजारी पसंत करणार."

मुलाखतीच्या दिवशी मावशी ठेवणीतले कपडे घालून आल्या. हातात फुगलेली पिशवी. कंपनीच्या कचेरीचा जिना चढताना मी विचारलं, "हे काय आणलंत?"

"प्रमाणपत्रं! पाचही. काचा फुटू नयेत म्हणून टॉवेलात गुंडाळलीत. पाच वेळा पाठवलंत ना मला प्रशिक्षणाला? साहेबांना दिसू तर देत."

माझा पाय पायरीवरच राहिला.

कपडा खराब झाला की कंपनीला तक्रारीचा कागद पाठवायचा असे. त्यातली शेवटची ओळ, 'जबाबदार व्यक्तीचे नाव'. चालकाचं नाव तीनदा आलं की करार धोक्यात. कामगाराचं आलं तर त्याला एक दिवस प्रशिक्षण, जेवणासकट. सगळेच चालक कामगाराचं नाव लिहीत. चालकांच्या बैठकीत एकानं मला ही युक्ती सांगितली होती, बिस्किट चहात बुडवता बुडवता. आमच्या पाच कागदांपैकी चार चुका माझ्या होत्या. निळ्या कोटाची बाही मी जाळली, बहिणीशी फोनवर बोलता बोलता. पाचवी चूक कुणाचीच नव्हती, बटणच कच्चं होतं. आणि मावशींना मी सांगत असे, "कंपनी निवडक लोकांनाच बोलावते हं."

दर वेळी त्या जेवणातला गोडाचा तुकडा कागदात बांधून माझ्यासाठी आणायच्या. मी तो खायचे. पाचही वेळा खाल्ला.

जिन्यात सांगता आलं असतं. वर पोचायला बऱ्याच पायऱ्या उरल्या होत्या. मी म्हटलं, "जड आहे, द्या इकडे पिशवी."

साहेब सभ्य होते. मावशींनी एकेक काच कडेवरचं लेकरू बसवावं तशी टेबलावर मांडली. साहेबांनी काचांकडे पाहिलं, मग फायलीकडे, मग खिडकीबाहेर.

"बाई, ही प्रमाणपत्रं... म्हणजे, ज्यांच्या हातून नुकसान होतं, त्यांना आम्ही बोलावतो."

"कुणाच्या हातून?"

त्यांनी फाईल फिरवून पुढे केली. मावशी बोट ठेवून वाचू लागल्या. त्यांना वाचायला वेळ लागतो. त्या दिवशी जितका लागला तितका कधी लागला नसेल.

"अक्षर ताईंचं आहे," त्या म्हणाल्या. कापडावरचा डाग ओळखावा तशा.

"नावावर पाच तक्रारी असतील तर आम्हाला मंजुरी देता येत नाही," साहेब म्हणाले. "चालकांना काही सांगायचंय?"

खरं सांगितलं असतं तर खोटे कागद भरल्याबद्दल दुकान कंपनीच्या घशात गेलं असतं. मी म्हटलं, "माणूस फार चांगला आहे हो."

"माणसाबद्दल तक्रार नाहीच. कपड्यांबद्दल आहे."

मावशींचं बोट निळ्या कोटावर थांबलं होतं. "या तारखेला मी नव्हतेच. भावाला दवाखान्यात ठेवलं होतं. ताईच म्हणाल्या होत्या, चार दिवस येऊ नका..." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी टेबलाकडे. मग त्यांनीच हलक्या हातानं फाईल मिटली. "विसरल्या असतील ताई. धांदल असते हो दुकानात."

त्या रागावल्या असत्या तर मी गप्प राहू शकले असते. मला माझा स्वभाव ठाऊक आहे.

"विसरले नव्हते," मी म्हटलं. "कोट मी जाळला."

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं. "लेखी द्याल?"

दिलं. चार कागदांवर माझं नाव आणि पाचव्यावर 'कुणी नाही'. मनगट ठणकत होतं. क्षणभर वाटलं, चला, तेवढीच फेड. असं वाटल्याचीच मग जास्त लाज वाटली. मान वर केली तेव्हा मावशी काचा पुन्हा टॉवेलात गुंडाळत होत्या. उतरताना त्या पुढे होत्या. पिशवी त्यांनी मला दिली नाही.

तीन आठवड्यांनी पत्र आलं. माझा विकायचा हक्क रद्द, दुकान कंपनी घेणार. मावशींचा अर्ज कंपनी स्वतंत्रपणे विचारात घेणार. घेतला, आणि मंजूरही केला. नवरा म्हणाला, "जावई पसंत पडला म्हणायचा. विहीणबाईंनाच तेवढं मांडवाबाहेर काढलं." मी हसले नाही, तेव्हा त्यानं उठून चहा केला. एरवी करत नाही.

चार महिने मी त्या रस्त्यानं गेले नाही. मग एकदा पडदे घेऊन गेले. जवळच दुसरी लॉन्ड्री होती, तरी गेले.

पाटीच्या कोपऱ्यात नवं नाव होतं. काउंटरमागच्या भिंतीवर पाचही प्रमाणपत्रं, एका ओळीत.

"अजून लावलीत?" माझ्या तोंडून गेलंच.

"का नको?" मावशी म्हणाल्या. "चुका कुणाच्याही असोत, शिकले तर मीच ना." त्यांनी पडदा नाकाशी धरला, बाजूला ठेवला. कसला डाग ते सांगितलं नाही.

"गुरुवारी मिळतील."

"कधीही चालेल."

त्यांनी पावतीपुस्तक ओढलं, पेन टेकवलं आणि मान वर न करता विचारलं, "नाव?"

मी सांगितलं. पूर्ण सांगितलं. त्यांनी ते सावकाश, एकेक अक्षर जोडत लिहून घेतलं.