मागून आलेली थाप

वखारीत ती गाडी आली तेव्हा हमाल आधी हसले. "मालक, ही गाडी आणलीत की गाडीचा आजोबा?"

"आजोबाच," वखारवाला म्हणाला, "पण पाठीवर दहा ओंडके घेऊन डोंगर उतरणारा. तुमच्या बापजन्मात जमणार नाही."

गाडी लष्करातली होती. सहा चाकं, पुढं काढलेलं लांब नाक, माणसाच्या छातीपर्यंत येणारे टायर. लष्करातून सुटल्यावर तिनं पंधरा वर्षं विजेचे खांब वाहिले होते, मग एका सर्कशीचं जनरेटर गावोगाव ओढलं होतं. दारावर नखानं खरवडलं की आधी सर्कशीचा लाल रंग निघायचा, मग विजेवाल्यांचा पिवळा आणि सगळ्यात खाली तो मळकट हिरवा. वखारवाल्यानं तिच्यावर साखळ्या आणि ओंडके ओढून घ्यायची एक चरखी बसवली आणि चावी सबुरीच्या हातात दिली.

सबुरी हे काही त्याचं खरं नाव नव्हे. वीस वर्षं गाडी चालवताना कुणी घाई केली की तो "सबुरीनं, सबुरीनं" म्हणायचा, म्हणून ते चिकटलं. त्याच्या घरी बायको होती आणि सासू गेल्यापासून सासरेही तिथंच राहायला आले होते. सासरे तरुणपणी लष्करात ड्रायव्हर होते, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. पण त्यांनी पुढं उभा जन्म शाळेत शिपायाची नोकरी केली आणि स्टिअरिंगला पुन्हा कधी हात लावला नाही. बसमध्येसुद्धा ते मागच्या बाकावर डोळे मिटून बसायचे. "बाबांना गाडी लागते," असं त्यांची मुलगी सांगायची.

दुसऱ्याच दिवशी दुपारी सबुरी जेवायला घरी आला तो गाडी घेऊनच. "मामा, बघा तरी, तुमच्या जमान्यातली आहे!"

सासरे बाहेर आले. तापलेल्या बॉनेटवर त्यांनी तळहात ठेवला आणि भाजत असूनही बराच वेळ उचलला नाही. मग ते गाडीच्या मागं गेले, मागं खाली उघडणाऱ्या फळक्याकडं एकवार पाहिलं आणि घरात येऊन भिंतीकडं तोंड करून बसले. ताट तसंच राहिलं.

"ती गाडी दारात लावू नका म्हणावं," एवढंच ते मुलीला म्हणाले.

पुढच्या आठवड्यात ते सुरू झालं. डोंगरावरून ओंडके भरून सबुरी उतरत होता. रस्ता भिजलेला, गाडी दुसऱ्या गिअरमध्ये. पाठीमागून केबिनच्या पत्र्यावर थाप पडली. एक, स्वच्छ, तळहाताची. ट्रकवाल्यांच्या भाषेत मागून एक थाप म्हणजे थांब आणि दोन म्हणजे चल. हमालांपैकी कुणाला तरी उतरायचं असेल, म्हणून त्यानं ब्रेक दाबला. मग त्याच्या लक्षात आलं, की दोघंही हमाल त्याच्या शेजारीच बसले आहेत.

"तुम्ही ऐकलंत?"

एक म्हणाला, नाही. दुसराही नाहीच म्हणाला. पण दुसऱ्या दिवसापासून तो डोंगरावर सायकलनं यायला लागला.

सबुरी उतरून मागं गेला. ओंडके, साखळ्या, ओला रस्ता. कुणी नव्हतं. तिसऱ्या दिवशी पुन्हा थाप आली, आणि पाचव्या दिवशीही. कधी उतारावर, कधी सपाटीला. मिस्त्रीनं गाडीखाली शिरून प्रत्येक बोल्ट आवळला, साखळ्यांना गोणपाट गुंडाळलं आणि हात पुसत म्हणाला, "म्हाताऱ्या माणसाचे गुडघे वाजतात, तसं आहे हे. लक्ष देऊ नकोस."

सबुरीनं लक्ष न देऊन पाहिलं. थाप आली तरी गाडी थांबवली नाही. वखारीत पोचेपर्यंत त्याचा सदरा पाठीला चिकटला होता. सगळा रस्ताभर त्याची नजर आरशातच होती.

त्या संध्याकाळी जेवताना त्यानं बायकोला सगळं सांगितलं. सासऱ्यांचा घास हातातच राहिला.

"किती थापा?" त्यांनी विचारलं.

"एक."

"एक म्हणजे थांब." त्यांनी ताट बाजूला सारलं आणि चाळीस वर्षांत बायकोलाही न सांगितलेली गोष्ट मुलीला आणि जावयाला सांगितली.

"आम्ही माघार घेत होतो. मागं बावीस जण, शेजारी साहेब. पुढं नदीवरचा पूल, आणि तो उडवायला आमचीच माणसं सुरुंग लावून बसलेली. साहेब म्हणाले, पूल ओलांडेपर्यंत गाडी थांबवायची नाही, काहीही झालं तरी. पूल दिसायला लागला आणि मागून थाप आली. मी साहेबांकडं पाहिलं. ते समोर बघत होते. पुन्हा थाप. मग थापाच थापा, बुटांनी, बंदुकीच्या दस्त्यांनी. मी नाही थांबलो. पलीकडं गेल्यावर कळलं, की खड्ड्यात गाडी आदळून फळका उघडला आणि एक जण खाली पडला. मागचे सांगत होते, तो उठला आणि गाडीमागं पळायला लागला, हात वर करून. वळण येईपर्यंत त्यांना दिसत होता. मग पूल उडाला."

मुलीनं त्यांच्यापुढं पाणी ठेवलं.

"ही तीच गाडी आहे, मामा?"

"छे. ती पुढच्याच महिन्यात माझ्या डोळ्यांदेखत जळाली. ही फार तर तिची बहीण असेल."

"मग हिच्यात कोण थापा मारतंय?"

"ते मला काय विचारता, जावईबापू? मी तर गाडी नसतानाही ऐकतो."

मुलीनं हळूच विचारलं, "त्या माणसाचं पुढं काय झालं, कधी चौकशी केलीत?"

"कशाला करू? उत्तर ठाऊक होतं ना मला." मग म्हणाले, "शिंप्याच्या घरचा होता. बहिणीनं शिवलेला सदरा सगळ्यांना दाखवायचा. आमची तुटलेली बटणं तोच लावून द्यायचा." त्यांनी त्याच्या गावाचं नाव सांगितलं, तेव्हा सबुरी चपापला. महिन्यातून एकदा तो त्याच गावातल्या सुताराकडं फळ्या पोचवायला जायचा.

पुढच्या खेपेला सासरे घरातून चपला घालून निघाले आणि थेट केबिनमध्ये चढून बसले. सगळा रस्ता त्यांनी डॅशबोर्डची कड धरून ठेवली होती.

शिंप्याचं दुकान सापडायला वेळ लागला नाही. गल्लीच्या तोंडाशी एक खोली, भिंतीला लावलेल्या कागदी मापांच्या चळती, आणि मशीनवर सत्तरीची एक बाई. सासरे उंबऱ्याशी उभे राहिले. आपण कोण, हे त्यांनी सांगितलं. पूल, थापा, सगळं एका दमात सांगितलं. बाईनं मशीनचं चाक हातानं थांबवलं.

"बसा," ती म्हणाली. "तो आला होता परत."

सासऱ्यांना ते कळलंच नाही. तिनं पुन्हा सांगितलं. भाऊ दोन वर्षं शत्रूच्या कैदेत होता. एका पायानं लंगडत परत आला आणि एकवीस वर्षं त्या समोरच्या स्टुलावर बसून काजं-बटणं करत होता. लग्न केलं नाही. छातीच्या दुखण्यानं गेला, अंथरुणात, बहिणीच्या हातून पाणी पिऊन.

"गाडीबद्दल काही बोलायचा?" सासऱ्यांनी विचारलं.

"एकदाच बोलला. म्हणाला, पळताना सारखं वाटायचं, आता थांबेल, आता थांबेल."

"मला शिव्याशाप दिले असतील."

"नाही हो. तुमचं नावसुद्धा त्याला ठाऊक नव्हतं."

सासऱ्यांनी दाराची चौकट धरली. शिव्या ऐकायची त्यांची तयारी होती. या वाक्याची नव्हती.

बाई उठून बाहेर आली. गल्लीच्या तोंडाशी उभ्या गाडीकडं बघत राहिली. "अशीच होती?"

"अशीच."

"मला मागं बसायचंय."

सबुरीनं फळका खाली केला, तिला हात देऊन वर घेतलं. फळ्या उतरवून झाल्या होत्या, मागं नुसता भुसा होता. ती केबिनला टेकून बसली. सबुरी चालवायला निघाला तर सासरे आधीच स्टिअरिंगमागं होते. चाळीस वर्षांनी. सबुरीच्या तोंडून त्या वेळी "सबुरीनं" हेसुद्धा निघालं नाही. तो शेजारी बसला.

गाडी चालत्या माणसाच्या वेगानं निघाली. गिअर एकदा कुरकुरला, मग हात आठवणीवर चालायला लागला. सुताराच्या दुकानापुढून, पाण्याच्या टाकीला वळसा घालून. दुकानांतली माणसं बघत होती.

आणि मागून पत्र्यावर थाप पडली. एक.

सासऱ्यांनी ब्रेक असा दाबला की सबुरीचं कपाळ काचेवर आपटलं. ते दार उघडून उतरले नाहीत, कोसळलेच. धावत मागं गेले. "काय झालं, ताई? लागलं का?"

ती फळक्याशी येऊन उभी होती. "काही नाही. थांबता का ते बघत होते."

सासरे रस्त्यावरच बसले आणि रडले. ती वर उभी राहून त्यांच्याकडं बघत होती. तिनं त्यांचं सांत्वन केलं नाही. पण त्यांचं रडणं संपेपर्यंत ती गाडीतून उतरलीही नाही. मग कपड्यांवरचा भुसा झटकून म्हणाली, "चला, गिऱ्हाईक खोळंबलं असेल."

परतताना सबुरी चालवत होता. गाव मागं पडल्यावर सासरे म्हणाले, "तो तर घरी होता. बटणं लावत होता. मग इतकी वर्षं माझ्यामागं कोण धावत होतं?"

चढ आला, सबुरीनं गिअर बदलला.

गाडीतला आवाज गेला नाही. आठवड्यातून एकदा, कधी दोनदा येतो. सबुरी थांबतो, उतरतो, मागं बघतो, आणि पुन्हा निघतो. खेपेला वेळ लागतो म्हणून वखारवाला कुरकुरला, तेव्हा सबुरीनं चावी पुढं केली. दुसरा कुणी ती घ्यायला तयार नव्हता.

पुढच्या महिन्यात फळ्या भरून निघायच्या दिवशी सासरे सकाळीच वखारीच्या फाटकाशी येऊन उभे होते. दाढी केलेली, काखेत एक पँट. "कमरेत उसवलीय," ते सबुरीला म्हणाले, "ताईंकडून टाका घालून आणतो." आदल्या दिवशी खिडकीशी बसून ती शिवण त्यांनीच ब्लेडनं उसवली होती. मुलीनं ते पाहिलं होतं.