जवाईबापूंची मुकी जोडी

माझे बाबूजी शालीकराम सत्तरीला आले, तरी शंकरपटात बैल पळवायला स्वतःच छकड्यावर चढतात. गेल्या वर्षी पळत्या छकड्यावरून पडले आणि गळ्याजवळचं हाड मोडलं. "पुन्हा पडलात तर खाटेवरून उठणार नाही," डॉक्टरांनी बजावलं. बाबूजींनी गरिबासारखी मान डोलावली आणि यंदा पट जवळ येताच बैलांना सरकीची ढेप चारायला लागले. मला असा संताप आला, की बैल हाकायची ती टोकदार काठी, ती तुतारी, चुलीत घालावी.

"कायले पळवता आता? हाडं का बाजारात भेटतेत?"

"मले हरवणारी जोडी अजून जन्माले यायची आहे, दुर्गे. ज्या दिवशी हरलो, त्या दिवशी तुतारी तुह्या हातात."

माझे यजमान उमेंद्र बाजूलाच चहा पीत होते. गोंदियात टाइल्सचं दुकान, आणि नव्या इलेक्ट्रिक गाडीवर माझ्यापेक्षा जास्त जीव. "मग तुमच्या जोडीसमोर आपली गाडी पळवू," ते म्हणाले. बाबूजी इतके हसले, की लगेच हो म्हणून बसले.

या गाडीत ट्रॅक मोड नावाची भानगड आहे. शर्यतीसाठी गाडी पडद्यावरच हवी तशी बसवता येते. पुढच्या चाकांना किती जोर, मागच्यांना किती, घसरली तर गाडीनं स्वतःहून किती सावरायचं, सगळं बोटानं ठरतं. गोंदिया जिल्ह्यात ट्रॅक म्हणजे रेल्वेचा, त्यामुळे हे सारं ज्ञान आजवर मला जेवताना ऐकावं लागायचं.

पटाच्या दिवशी सकाळी उमेंद्रनी सराव केला. सगळा जोर मागच्या चाकांना, सावरण्याचा आकडा शून्य. "असली ड्रायव्हर ऐसेच चलाता है." गाडी जागच्या जागी गरकन फिरली आणि पंचांच्या मांडवातल्या पोह्यांवर धूळ उडवून फाटकाकडे तोंड करून थांबली.

पंच श्यामलाल धोतर झटकत म्हणाले, "जवाईबापू, मैदान तिकडं आहे."

मी दार उघडून आत बसले. "दोन्हीकडं अर्धा-अर्धा जोर द्या. अन् सावराचं काम गाडीवर सोडा. मले बापाचं हाड वाचवाचं आहे, तुमचा रुबाब नाही."

रुसून का होईना, त्यांनी आकडे बदलले.

दुपारी एका पट्ट्यात बाबूजींची जोडी, दुसऱ्यात आमची गाडी. निशाण पडलं. आता पटाच्या बैलांची सवय अशी, की शेजारची जोडी उधळली, आरडाओरडा झाला, की तेही जीव खाऊन सुटतात. शेजारून आवाजच आला नाही. बैल कान हलवत उभे. बाबूजींनी आरोळी ठोकेपर्यंत गाडी अर्धं मैदान ओलांडून गेली होती.

"चोरावानी पळाली!" बाबूजी तणतणले. पण शब्दाचे पक्के. सगळ्यांदेखत त्यांनी तुतारी माझ्या हातात दिली. मला रडूच कोसळलं. वाटलं, सुटले एकदाची!

आमच्या पटात हरलेला मालक जिंकलेल्या जोडीच्या पाठीवर थाप मारतो. बाबूजींनी बॉनेटवर मारली.

"घामपण नाही आला हिले. बैल किती आहेत हिच्यात?"

"दोन मोटारी, बाबूजी," उमेंद्र म्हणाले. "एक पुढं, एक मागं."

"म्हंजे जोडीच. हरलो तं हरलो, पण जिनं हरवलं तिच्यावर बसून तं पाहू द्या."

जन्मभर ट्रॅक्टर चालवलेला माणूस, एका फेरीनं काय होतंय? आनंदाच्या भरात मीच स्टिअरिंगकडचं दार उघडून दिलं आणि शेजारी बसले. उमेंद्र मागे. मैदानाला अलगद एक फेरी झाली. बाबूजींचा चेहरा असा फुलला होता, की मला माझ्या हुशारीचं कौतुकच वाटलं. मग त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं.

"हे काय होय?"

"घसरली तं गाडी स्वतःच सावरते, बाबूजी."

"म्हंजे मी चालवून राहिलो, का ते?"

मी वळून नवऱ्याच्या गुडघ्याला तुतारी टोचली. पण त्या शहाण्याचं तोंड आधीच उघडलं होतं. "बाबूजी, वो जीरो पे भी होता है!"

"कर मंग."

उमेंद्रनी मागून हात लांबवून आकडा शून्यावर आणला. बाबूजींनी शब्द मोडला नव्हता. छकड्यावर ते पुन्हा कधी चढणार नव्हते. मी तुतारी पायाशी टाकली आणि घाईघाईनं सीटचा पट्टा ओढला, आधी बाबूजींचा, मग माझा.