दारावरचे अर्धे नाव

मी एक जुना दगड आहे. खरे सांगायचे तर अर्धाच दगड आहे, आणि माझ्या सगळ्या फजितीचे मूळ त्या अर्धेपणातच आहे. मित्रांनो, आपली कहाणी सांगताना सगळे छाती फुगवतात. मला मात्र ती खाली मान घालून सांगावी लागणार आहे. दगडाला मान नसते, एवढेच काय ते माझे नशीब.

जर्मनीतल्या मोझेल नदीच्या वरच्या अंगाला तांबड्या दगडाची खाण होती. तिथून मला पडावात घालून खाली आणले तेव्हा मी चांगला पुरुषभर रुंद होतो. रोमन राजवटीचे दिवस होते. वाइनच्या एका व्यापाऱ्याची बायको वारली होती, आणि तो तिच्यासाठी नदीकाठच्या रस्त्यालगत थडगे बांधत होता. थडगे कसले, छोटे देऊळच ते! चार खांब, वर खवल्याखवल्यांचे दगडी छप्पर, एका बाजूला पिंपांनी भरलेली कोरीव होडी. मी दर्शनी बाजूला बसणार होतो. पाथरवटाने माझ्या उजव्या अंगाला तिचा चेहरा कोरला, डाव्या अंगाला पेला धरलेला तिचा हात कोरला, आणि वर या टोकापासून त्या टोकापर्यंत मोठ्या अक्षरांत तिचे नाव घातले : विनडिला.

काम चालले होते तोवर तो व्यापारी उन्हात उभा असे. शेवटी त्याने चेहऱ्याच्या खाली बारीक अक्षरांत एक ओळ कोरून घेतली. "वाटसरू, माझे नाव मोठ्याने वाच आणि मग खुशाल जा." तेव्हाची रीतच तशी होती. थडगी रस्त्याच्या कडेला असत आणि येणाऱ्याजाणाऱ्याला हाक मारत. जोवर कोणी नाव घेते, तोवर माणूस अगदीच गेलेला नसतो, असे ती माणसे मानत. म्हणजे मित्रांनो, माझ्यावर काम एकच सोपवले होते. नाव सांभाळायचे.

बरीच वर्षे मी ते केले. गाडीवान नाव वाचत, खलाशी वाचत, ज्यांना वाचता येत नसे ते दुसऱ्याला विचारून म्हणत. मग एके वर्षी शत्रू येणार अशी आवई उठली. सैनिकांना घाईघाईने तट बांधायचा होता आणि दगड हाताशी होते ते थडग्यांचेच. त्यांनी पहारी घातल्या. माझे उभे दोन तुकडे झाले. उजवा कुठे गेला ते मला कळले नाही. मी तटाच्या पायात गाडला गेलो, तोंड मातीत.

पुढे तट पडला, राजे बदलले. मला कोणीतरी उकरून द्राक्षे चेचायच्या कोठीच्या उंबऱ्याला बसवले. तिथे मी पालथा होतो. पाठीवरून बूट गेले, पिंपे गडगडली, दर हंगामाला गोड रस ओघळला. ते दिवस वाईट होते असे मी म्हणणार नाही. उंबरा होण्यात लाज नाही. लाज पुढे आली, आणि ती मानाच्या वेषात आली.

झाले असे की कोठीचे मालक केटर्न यांच्या घरातल्या एका आजोबांनी उंबरा बदलायला काढला आणि मला उलटा केला. लहानपणी ते चर्चमध्ये सेवेला असत, तेवढ्या भांडवलावर त्यांना लॅटिन येत होते. त्यांनी माती पुसली. हातात पेला दिसला, वर व्ही, आय, एन अशी तीन रोमन अक्षरे दिसली : विन. लॅटिनमध्ये वाइनला 'विनुम' म्हणतात. आजोबांनी टोपी उडवली आणि अख्खे गाव गोळा केले. "या खोऱ्यातला वाइनचा सगळ्यांत जुना शब्द आमच्या उंबऱ्यात निघाला!" वाइनवाल्यांच्या गावाला दुसरे काय सुचणार? पेला आणि 'विन' एकत्र दिसल्यावर बाईचे नाव कोणाच्या डोक्यात येणार?

मला न्हाऊमाखू घालून त्यांच्या वाइनघराच्या दाराशी, छातीच्या उंचीवर बसवले. वाइनघराचे नाव 'विन' ठेवले. दाराशी झाडू टांगला की घरची वाइन मिळते, हे आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक असते. केटर्नांकडे झाडूच्या जोडीला मी. भाद्रपदातल्या तुमच्या उत्सवासारखा आमचाही सप्टेंबरात वाइनचा उत्सव असतो. त्या दिवशी केटर्नांचा कर्ता पुरुष पेला उंचावून "विन!" अशी आरोळी ठोकी, सगळे तीच आरोळी परत देत, आणि त्या वर्षी गावाने निवडलेली मुलगी, वाइनराणी, पहिला पेला माझ्यावर ओतत असे. माझ्याशेजारी उभे राहून लोक फोटो काढत.

मला किती लाज वाटे म्हणून सांगू! ज्या बाईसाठी मी घडलो तिचे नाव मधोमध तोडून लोक त्याचा चखणा करत होते. आणि त्याहून मोठी लाज ही की हळूहळू मला ते आवडू लागले. सप्टेंबर जवळ आला की मी वाट पाहू लागलो.

आता वाइनघर आल्बान केटर्न चालवतो. त्याची थोरली बहीण इर्मा स्वयंपाकघर पाहते. दोघेही एकटे, दोघेही तोंडाचे फटकळ, आणि एकमेकांवाचून दोघांचेही पान हलत नाही. परवाच्या उत्सवाच्या आठवडाभर आधी मोठा पाऊस झाला आणि उतारावरच्या त्यांच्या मळ्यातला बांध ढासळला. हे बांध चुन्याशिवाय, दगडावर दगड बसवून रचलेले असतात. दोघे तो परत रचत असताना इर्माला अक्षरे असलेला दगड सापडला. ट्रॅक्टरवर घालून त्यांनी तो दाराशी आणला, एका पिंपावर चढवला आणि माझ्या कडेला टेकवला.

मित्रांनो, कड कडेला बसली. तुटलेला दात जागच्या जागी बसावा तशी.

इर्मा ख्रिस्ती जोगिणींच्या शाळेत लॅटिन शिकलेली. तिने बोट फिरवत वाचले, "विन... डिला. विनडिला. आल्बान, अरे ही बाई आहे! बघ, हा तिचा चेहरा." मग तिने खालची ओळही वाचली.

आल्बानने इकडेतिकडे पाहिले. "कुणाला सांगू नकोस."

"म्हणजे?"

"म्हणजे रविवारी उत्सव आहे. सरपंच नवी पाटी लावणार. बाटल्यांवर 'विन', दारावर 'विन', आजोबांच्या फोटोखालीसुद्धा 'विन'. आता काय सांगू, की आजोबांना वाचता येत नव्हतं?"

"येत नव्हतंच. ते तर औषधाच्या बाटलीवरचंही चुकीचं वाचायचे."

"इर्मे, थट्टा नको. दीड-दोन हजार वर्षांपूर्वी मेली ती. आता तिचं नाव घेतलं काय न घेतलं काय, कोण रडतंय?"

"आणि आईचं?" इर्मा म्हणाली.

आमच्याकडे कबरीची जागा मुदतीवर मिळते. मुदत सरली की दगडावर पिवळी चिकटपट्टी लागते, आणि घरच्यांनी हालचाल केली नाही तर दगड उचलून नेतात. त्यांच्या आईच्या दगडावर ती पट्टी उन्हाळ्यातच लागली होती. आल्बान रोज म्हणे, उद्या जातो.

"पाथरवट नेईल आईचा दगड. घासून गुळगुळीत करील आणि कुणाच्या तरी अंगणात पायरी म्हणून घालील," इर्मा म्हणाली. "तेव्हाही असंच म्हण, कोण रडतंय."

आल्बान चिडला. त्याने तो दगड परत ट्रॉलीत घातला, मळ्यात नेला आणि स्वतःच्या हाताने बांधात रचला. अक्षरांचे तोंड आत. परत आला तेव्हा तो माझ्या शेजारून गेला, पण त्याने माझ्याकडे पाहिले नाही. मलाही त्याच्याकडे पाहवेना. मला वाचा असती तरी मी काय सांगणार होतो? तो माझीच शोभा वाचवत होता.

रविवारी अंगण माणसांनी फुलले. कांद्याच्या पोळ्या, यकृताचे सॉसेज, नव्या गढूळ वाइनचे चंबू, सगळे यथासांग. सरपंचांनी पाटीवरचा पडदा ओढला : 'खोऱ्यातील वाइनचा आद्य शब्द'. टाळ्या झाल्या. वाइनराणी पेला घेऊन माझ्यासमोर उभी राहिली. "हं आल्बान, होऊन जाऊ दे!" सरपंच म्हणाले.

आल्बानने पेला उंचावला. तोंड उघडले आणि मिटले. दारात इर्मा परात घेऊन उभी होती. ती त्याच्याकडे पाहत होती. पाव भाजणारा लुडविग ओरडला, "काय रे, एकच शब्द आहे, तोही विसरलास?"

"विन..." आल्बान म्हणाला. घसा खाकरला. आणि मग मोठ्याने म्हणाला, "विनडिला!"

लोकांना वाटले यंदा काहीतरी नवीन आहे. दोन-अडीचशे माणसांनी पेले उंचावले आणि एका आवाजात आरोळी ठोकली, "विनडिला!" डोंगरावरून ती परत आली, नदीवरून पलीकडे गेली. मित्रांनो, किती शतकांनी! कोणालाही ठाऊक नव्हते आपण कोणाला हाक मारतो आहोत. पण हाक ती हाक.

मग आल्बानने सगळे सांगितले. दगड सापडला हे सांगितले, आणि आपण तो लपवला हेही सांगितले. त्याचे कान लालभडक झाले होते. "म्हणजे इतकी वर्षं आपण एका बाईच्या थडग्यावर पिऊन नाचत होतो?" लुडविग म्हणाला. कोणी हसले नाही. वाइनराणीने पेला हळूच बाकावर ठेवला.

दुसऱ्या दिवशी बांध उकलला. आता आम्ही दोन्ही तुकडे अंगणात शेजारी उभे आहोत. आमच्यामधली भेग मुद्दाम बुजवलेली नाही. नवी पाटी उतरली. गावात केटर्नांची चेष्टा व्हायची ती होतेच. आल्बान ती मुकाट ऐकून घेतो. आमच्या डाव्या हाताला आणखी एक काळा दगड आहे, आल्बानने कबरस्तानातून आणून भिंतीला टेकवलेला, अक्षरांचे तोंड बाहेर. त्यावर लिहिले आहे : ओटिलिया केटर्न. त्यांची आई. गिऱ्हाईक येते, तेव्हा पेला भरण्याआधी इर्मा म्हणते, "आधी दोघींची नावं घ्या, मग प्या."

माझी लाज गेली का? नाही गेली. माझ्या अंगावरची अक्षरे नेमकी तीच आहेत, ज्यांनी तिला झाकले. तिचा चेहरा माझ्याकडे नाही, दुसऱ्या तुकड्याकडे आहे. बरे आहे, नाहीतर मला तोंड दाखवायला जागा उरली नसती. एवढेच मागतो की वाटेत अक्षरे असलेला दगड पालथा दिसला तर तो उलटून बघा. अर्धे वाचून नाचू नका.

आणि आता इतके ऐकलेतच, तर माझे राहिलेले काम तेवढे करा. मनातल्या मनात नको. वाटसरूंनो, तिचे नाव मोठ्याने वाचा आणि मग खुशाल जा.

विनडिला.