नारूचे प्रकरण

डॉ. साहेबराव हनमंते यांनी पहिला ग्रंथ समुद्रातल्या कृमींवर लिहिला आणि त्याचे प्रकाशन लातुरात होऊ दिले, ही त्यांची पहिली चूक. लातुरापासून समुद्र चहूबाजूंनी दूर. रत्नागिरीच्या खडकांत ओहोटीच्या वेळा साधून, गुडघाभर चिखलात वाकून त्यांनी जे वर्गीकरण उभे केले होते, त्याचा गौरव करताना एका वक्त्याने 'हनमंते सरांचे गांडुळांवरचे काम' असा उल्लेख करून टाळ्या घेतल्या. दुसऱ्याने त्या गांडुळांचा आपल्या भागातल्या शेतीला उपयोग व्हावा अशी सदिच्छा व्यक्त केली. हनमंत्यांनी हार स्वीकारला आणि तेव्हापासून टाळ्यांना आवाजाच्या एका प्रकारापेक्षा अधिक किंमत द्यायची नाही असे ठरवून टाकले.

दुसरा ग्रंथ विषांवरचा. समुद्रातला एक कृमी जपानी मच्छीमार गळाला आमिष म्हणून लावत; त्यावर बसणाऱ्या माश्या मरून पडत. त्या साध्या निरीक्षणापासून कीटकनाशकाच्या डब्यापर्यंतचा रस्ता हनमंत्यांनी इतक्या निगुतीने लिहिला होता की आयुष्यात एवढे एकच पान लिहिले असते तरी चालले असते, असे त्यांना वाटे. लातुरातल्या एका खत-बियाणांच्या दुकानदाराने त्या पुस्तकाच्या बऱ्याच प्रती घेतल्या, मुखपृष्ठावर दुकानाचा शिक्का मारला आणि पाडव्याला गिऱ्हाइकांना वाटल्या. त्यातली एक प्रत पुढे हनमंत्यांना औशाच्या अडत बाजारात दिसली. तराजूच्या एका पायाखाली होती. पुस्तक जाड असल्यामुळे तराजू अगदी समपातळीत उभा होता.

मग वैद्यक. एका दैनिकात ते दर आठवड्याला आरोग्यावर लिहू लागले. वाचकांची पत्रे भरपूर येत. त्यांत केस का गळतात आणि पोटात वात का धरतो यापलीकडचा प्रश्न क्वचितच असे. समुद्रातून शेतात आणि शेतातून पोटात, आपल्या लेखनाची अशी उतरती भाजणी लागली आहे, असे हनमंते कोरड्या चेहऱ्याने सांगत. ऐकणाऱ्याला तो विनोद आहे की तक्रार हे कळत नसे, आणि कळावे अशी त्यांची इच्छाही नसे.

या लेखांचे पुस्तक करायला ते तयार झाले ते एका प्रकरणापायी. ते प्रकरण नारूचे होते.

नारू हाही कृमीच. फरक एवढाच की तो समुद्रात न राहता माणसात राहतो. वर्षभर आतल्या आत वाढून हातभर लांब होतो आणि उन्हाळ्यात पायाला फोड आणून बाहेर डोकावतो. फोडाची आग अशी की माणूस पाय पाण्यात घातल्यावाचून राहत नाही, आणि पाय पाण्यात गेला की कृमी आपली पिल्ले त्या पाण्यात सोडतो. सायक्लॉप्स नावाचा टाचणीच्या डोक्याहून लहान जलचर ती पिल्ले गिळतो, तो जलचर माणूस पाण्याबरोबर गिळतो, आणि पुढच्या उन्हाळ्याची तजवीज होते. हनमंत्यांना या जीवनचक्रात दोष सापडत नसे. ते उत्तम चालायला एकच गोष्ट लागे : माणसाने पायऱ्या उतरून पाण्यात पाय घालायचे आणि तेच पाणी प्यायचे. म्हणजे बारव लागे.

औशाच्या रस्त्यापासून आत असलेल्या देवणवाडीत बारव होती. जुनी, तिन्ही बाजूंनी पायऱ्यांची, गावाला अभिमान वाटावा अशी. गावात नारू घरोघर होता. गावाबाहेरच्या बौद्धवाड्यात तो औषधालाही नव्हता, कारण त्या वाड्याला बारवेत उतरू दिले जात नसे. बहात्तरच्या दुष्काळात मिळालेल्या हातपंपाचे पाणी ते पीत. हनमंत्यांनी हे विधान एकही विशेषण न वापरता लिहिले होते. ही पाने गावोगाव वाचली गेली आणि लोकांनी बारवेत उतरणे थांबवले, तर उरलेले पुस्तक रद्दीत गेले तरी त्यांची हरकत नव्हती.

पण पुस्तक छापणार होते ते नवजिल्हा साहित्य-विज्ञान मंडळ. लातूर जिल्हा वेगळा होऊन दुसरा उन्हाळा चालू होता. पाऊस दोन वर्षे रुसलेला, विहिरी तळाला गेलेल्या. मंडळ मात्र ओसंडून वाहत होते. त्याचे अध्यक्ष देवणवाडीचेच शेषेराव पाटील. चिटणीस भुजंग हे मराठीचे प्राध्यापक. त्यांनी नारू पाहिला नव्हता, पण त्यावर काय लिहू नये हे त्यांना ठाऊक होते.

"सर, पुस्तक सुंदर आहे," भुजंग म्हणाले. "फक्त ते एक प्रकरण वगळू. जिल्हा नवा आहे. लोक काय म्हणतील?"

"लोक पाय पाण्यात घालणार नाहीत, एवढे म्हटले तरी पुरे."

"तसं नव्हे. बाहेरच्यांना वाटेल, जिल्हा मिळाला आणि पहिली नोंद कसली, तर नारूची."

"नारू तालुका असतानाही होता," हनमंते म्हणाले. "त्याने हद्द बदलल्याची दखल घेतलेली नाही."

भुजंग हसले. हसण्याने ज्या गोष्टी मिटतात असे त्यांना वाटे, त्यांची यादी फार मोठी होती. "असं करू. रविवारी देवणवाडीला या. टँकर येतोय, बारवेत जलपूजन आहे, तिथंच तुमचा सत्कार. अध्यक्षांशी बोला. ते माणूस म्हणून फार मोकळे आहेत."

हनमंते गेले. शाळेच्या पटांगणात मांडव होता. वाटेवर हातपंपाशी पारूबाई हंडा भरत होती. तिच्याकडूनच त्यांनी वाड्यातल्या घरांची माहिती घेतली होती, त्यामुळे ओळख होती.

"जय भीम, सर. तुमी बी बारवेची पूजा करायलाव का आता?"

"बघायला आलोय, पारूबाई."

"बघा, बघा. आमाला कुठं बघाया मिळतंय. आमी आपलं हितूनच टाळ्या वाजवू." तिने हंडा डोक्यावर घेतला. "पाटलाला सांगा, टाळीचा बी इटाळ होत आसंल तर तसं सांगून धाडा म्हणावं."

मांडवात चहा आला. सगळ्यांना स्टीलच्या पेल्यांत, हनमंत्यांना कपबशीत. कपबशी फुलाफुलांची होती आणि सबंध मांडवात तशी दुसरी नव्हती. जातीच्या ओळखीसाठी एवढे एक लक्षण पुरेसे असते, हे वर्गीकरणशास्त्रात आयुष्य घालवलेल्या माणसाला कोणी शिकवायची गरज नव्हती. त्यांनी चहा पिऊन कप बशीत पालथा ठेवला.

शेषेराव पाटील शेजारी येऊन बसले ते लंगडत. डाव्या घोट्यावर फडक्याची पट्टी होती आणि पट्टीच्या कडेतून आगपेटीच्या काडीएवढा बांबूचा तुकडा बाहेर आला होता. नारूचे बाहेर आलेले टोक काडीला गुंडाळतात आणि रोज थोडे थोडे ओढून काढतात. तुटले तर पाय पिकतो. हनमंत्यांनी काडीकडे पाहिले, मग पाटलांकडे.

"मुरगळलाय," पाटील म्हणाले.

"मुरगळल्याला काडी लागत नाही."

पाटलांनी धोतराचा सोगा पट्टीवर ओढला. "सर, तुमी मोठे इद्वान. ते नारूचं तेवढं काढून टाका की. बाकी लई झ्याक लिवलंय, भुजंगरावानं सांगितलं."

"पाटील, पुस्तकाचे नंतर बघू. आज तुम्ही बारवेत उतरू नका. पूजा दुसऱ्या कोणाच्या हातून करा. या पायाने त्या पाण्यात उभे राहिलात तर टँकरचे सगळे पाणी नासेल. पुढच्या उन्हाळ्यात सगळे गाव काड्या बांधून बसेल."

"फोटोवाला आलाय. अध्यक्षानं पूजा करायची न्हाई, तर मग कुणी करायची?" पाटलांनी आवाज खाली आणला. "आन खरं सांगू का? पाण्यात पाय घातला की लई बरं वाटतं बगा."

"हो. तुम्हाला आणि त्याला, दोघांनाही."

पाटलांना हे समजले नाही. त्यांनी मान डोलावली.

सत्कार झाला. पाटील ध्वनिक्षेपकावर म्हणाले की नव्या जिल्ह्यात जुन्या गोष्टींना थारा नाही. शिवाशिव, उच्चनीच हे देवणवाडीने कधीच गाडले आहे, आणि हनमंते सर आज या व्यासपीठावर बसले आहेत हा त्याचा पुरावा. मग हनमंते बोलले. त्यांनी फोड, पाणी, जलचर आणि माणूस हे चारही टप्पे क्रमाने, शाळेतल्या पोरांनाही कळतील असे सांगितले. ज्याच्या पायाला काडी आहे त्याने आज पाण्यापासून दूर राहावे, असेही सांगितले. मांडवातल्या किमान निम्म्या पायांना कधी ना कधी काडी बांधली गेली होती. ते सगळे पाय निवांत मांडी घालून ऐकत होते. भाषण संपल्यावर टाळ्या झाल्या. भुजंगांनी आभार मानताना 'सागराच्या तळाचे मोती आज आपल्या बारवेपर्यंत आले' असे म्हटले आणि सगळे उठून पूजेला निघाले.

टँकर बारवेच्या काठाला लागला होता. जाड पाइप पायऱ्यांवरून खाली सोडलेला होता. तळाशी घोटाभर हिरवट पाणी. रीत अशी की मानकऱ्याने अनवाणी उतरून जुन्या पाण्यात उभे राहायचे, हळदकुंकू वाहायचे, नारळ फोडायचा आणि मग नवे पाणी त्यात सोडायचे. नंतर सगळे गाव तेच उपसून पिई. टँकरच्या तोंडालाच घागर लावली तर काय बिघडेल, हे हनमंत्यांनी पूर्वी एकदा विचारले होते. बारवेला न लागलेले पाणी गावचे कसे म्हणायचे, असे उत्तर मिळाले होते.

पाटील चपला काढून उतरू लागले. लंगडत, एकेक पायरी. फोटोवाला समोरच्या काठावर गुडघा टेकून बसला.

हनमंत्यांना आणखी एक वाक्य सुचेना. दोन ग्रंथ, दैनिकातले लेख, आत्ताचे भाषण, सगळे मांडून झाले होते आणि या लोकांवर त्याचा परिणाम तराजूच्या पायावर झाला होता तेवढाच झाला होता. ज्यांना प्रमाण चालत नाही त्यांना काय चालते, याचा त्यांनी थंडपणे विचार केला. उत्तर सकाळपासून डोळ्यांसमोर होते. त्यावर फुले होती.

त्यांनी बूट काढले, मोजे काढून बुटांत खोचले, विजारीच्या घड्या गुडघ्यापर्यंत नेल्या आणि दुसऱ्या बाजूच्या पायऱ्या झपझप उतरून ते पाटलांच्या आधी पाण्यात उभे राहिले. नारू पायातून शिरत नाही, पोटातून शिरतो, हे त्यांना माहीत होते. वाकून त्यांनी दोन्ही हात कोपरापर्यंत धुतले. तोंड मिटून चेहरा धुतला. मग वर पाहून वर्गात बोलावे तशा आवाजात म्हणाले, "माझ्या वडिलांचे नाव लिंबाजी हनमंते. हदगावच्या बौद्धवाड्यातले. जय भीम."

काठाच्या पलीकडून, भिंतीच्या सावलीतून पारूबाईचा आवाज आला, "जय भीम, सर. गार हाय का पानी?"

"हिरवे आहे."

पाटील पाण्याच्या वरच्या पायरीवर एक पाय उचलून थांबले होते. तो पाय त्यांनी खाली ठेवला नाही, मागे घेतला. काही बोलावे तर आत्ताच ध्वनिक्षेपकावर जे सांगितले ते गिळावे लागत होते, आणि ते गिळणे गावाच्या कुवतीबाहेरचे होते. फोटोवाल्याने कॅमेरा उतरवला.

"पाइप सोडू का?" टँकरवाल्याने विचारले.

मग कोणीतरी म्हणाले, "बारवेत गाळ लई झालाय."

"व्हय की. गाळ काढल्याबगर पानी सोडू ने."

"मी तर आधीच म्हणत होतो, गाळाचं बघा," भुजंग म्हणाले.

पाइप गुंडाळला गेला. टँकरच्या तोंडाला घागरींची रांग लागली, आणि पाटलांचा फोटो टँकरशेजारी, नारळासह, धोतराच्या सोग्याने घोटा झाकून काढण्यात आला. हनमंत्यांनी पायरीवर बसून पाय वाळवले आणि मोजे चढवले. त्यांच्याकडे कोणी पाहत नव्हते. इतके एकमत त्यांनी शास्त्रज्ञांच्या परिषदेतही पाहिले नव्हते.

गाळ त्या उन्हाळ्यात निघाला नाही, पुढच्याही नाही. बारव तशीच पडून राहिली. दोन वर्षांनी देवणवाडीत नारूचा एकही नवा रोगी सापडला नाही. मंडळाच्या स्मरणिकेने याचे श्रेय शेषेराव पाटलांच्या दूरदृष्टीला दिले.

हनमंत्यांनी हस्तलिखित मंडळाकडून परत घेतले आणि नांदेडच्या एका लहानशा छापखान्यात नारूच्या प्रकरणासह छापून घेतले. मुद्रिते तपासताना ते उपायांच्या पानावर अडले. पाणी दुहेरी फडक्याने गाळावे. रोग्याने पाण्यात उतरू नये. बारवेच्या पायऱ्या बुजवून कठडा बांधावा. याखाली देवणवाडीत प्रत्यक्ष गुण आलेला उपाय लिहावा की नाही, यावर त्यांनी बराच विचार केला. शास्त्राच्या दृष्टीने आक्षेप घ्यायला जागा नव्हती. उपाय स्वस्त होता, त्यात औषध लागत नव्हते, आणि मराठवाड्यातल्या कुठल्याही गावात तो पुन्हा करून पाहिला तरी निष्कर्ष तोच आला असता.

ही शेवटची खात्री इतकी पक्की होती की त्यांनी टोपण लावून पेन खिशाला अडकवले आणि पान तसेच छापायला सोडले.